दोन बोटं टेबलावर

राजेशमअण्णा बोलायच्या आधी टेबलाला हात लावत. उजव्या हाताची पहिली दोन बोटं टेबलाच्या कडेला, नाडी बघावी तशी. आपण लॅपटॉपवर काम करत असायचो, मागून कुणी आल्याचं कळायचं नाही आणि एकदम डोळ्याच्या कोपऱ्यात ती बोटं दिसायची. नखांच्या कडा काळ्या, कितीही धुतल्या तरी. बोटं क्षणभर थांबायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची. गेली नाहीत तर समजायचं, आता प्रश्न येणार.

"दोरा तुटला काय?"

हा प्रश्न त्यांनी मला पहिल्या आठवड्यात वीसेक वेळा तरी विचारला असेल.

अण्णा जॉबर होते. यंत्रमाग बिघडला की पाना घेऊन धावणारा माणूस म्हणजे जॉबर. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडखडाट ऐकू यायचा, तिथे त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आधी दुसऱ्यांचे माग दुरुस्त केले, मग स्वतःच्या शेडमध्ये आठ माग टाकले. त्या आवाजाने त्यांचे कान घेतले. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर ऐकू यायचं, एरवी नाही. पण मागांमधून फिरताना कानांवर विसंबणं त्यांनी कधीच सोडलं होतं. मागाला दोन बोटं लावायची आणि आत काय बिनसलंय ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. पुढे टॉवेलाचा धंदा बसला, माग एकेक करून थांबले आणि एक दिवस शेड गप्प झाली.

त्यांचा मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे. तो म्हणाला, शेड विकून टाका. अण्णांनी त्याला विचारलं, "तू तिकडं ज्या हॉलमधी बसून काम करतोस, तसला हॉल हितं केलो तर येशील काय?" मुलगा म्हणाला, "बघू." त्या एका 'बघू'वर अण्णांनी शेड रंगवली, टेबलं आणली, इंटरनेट घेतलं आणि बाहेर पाटी लावली: को-वर्किंग. स्वतः मात्र ते त्याला कायम 'कारखाना'च म्हणत राहिले. टेबलंही त्यांनी मागांच्याच जागी, मागांच्याच ओळींत मांडली. फरशीतून वर आलेले मागांचे बोल्ट कापले नाहीत. नवा माणूस हमखास ठेचकाळायचा.

"अण्णा, कापून टाका की ते."

"आणि माग परत बसवायची पाळी आली तर?"

असा हा माणूस. नवं काम उभं करताना जुन्याची जागा राखून ठेवणारा. त्यांना सतत कशाची तरी धास्ती असायची. वीज जाईल, इंटरनेट जाईल, ही पोरं जातील.

तिथे येणारी माणसं म्हणजे पुण्या-बंगळूरहून परत आलेली, मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेल्या बायका, कुणी चित्रं काढणारा, कुणी हिशेबाची सॉफ्टवेअरं बनवणारा. आजकाल याला लवचीक काम म्हणतात. मला तो शब्द पहिल्यापासून आवडत नाही. लवचीक काम म्हटलं की वाकायचं नेहमी एकालाच असतं. त्यात आजारपणाची रजा नाही, निवृत्तीला काही नाही, भांडायला समोर माणूस नाही. तरी मीही तिथेच बसून भाषांतरं करायची, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. घरात शेजारच्या मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं ऐकू यायचं.

अण्णा मला ओळखत होते ते माझ्या बाबांमुळे. बाबा कामगार संघटनेत होते आणि पत्रकं लिहायचे. आमच्या घरी वर्तमानपत्र उशिरा आलं, पत्रकं आधी. मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' वाचून. गणितं सोडवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला. बाबा गेले, गठ्ठे राहिले. त्यामुळे अण्णांनी जेव्हा जाहिरातीचं पत्रक लिहायचं ठरवलं तेव्हा ते सरळ माझ्या टेबलाशी आले. दोन बोटं टेकवली.

"तुझ्या बाबांच्या पत्रकावर मी दोनदा माग बंद केलो. त्यात खरं होतं म्हणून केलो. आता तू असं लिही बिड्डा, की लोकं काम चालू करतील. पण खरं लिही."

बिड्डा म्हणजे लेकरू. त्यांच्या घरच्या तेलुगूतलं. तिथल्या सगळ्यांनाच ते बिड्डा म्हणायचे, पंचेचाळीस वर्षांच्या माणसालाही.

मी लिहिलं. मला जे येत होतं तेच लिहिलं. 'किती दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर जगणार? तुमचा वेळ कुणाचा आहे? उठा! आपल्या कामाचे मालक आपणच होऊ या!' खाली पत्ता, पंख्यांची आणि टेबलांची माहिती. जाहिरात लिहायला सांगितली होती, मी संपाची हाक लिहून बसले. ओंकारने, हिशेबाची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या पोराने, ते वाचून विचारलं, "मोर्चा किती वाजता आहे?" सगळे हसले. मलाही त्याचा अभिमानच वाटला.

रविवारी संध्याकाळी अण्णा ती पत्रकं घेऊन एस.टी. स्टँडवर जायचे. रविवार संध्याकाळ म्हणजे पुण्याच्या गाड्यांची वेळ. शेंगाचटणीच्या पुड्या आणि कडक भाकऱ्यांची पिशवी मुलाच्या हातात देत आई-वडील उभे असतात. एकीकडून 'पोचल्यावर फोन कर' आणि दुसरीकडून 'हो गं' चाललेलं असतं. नेमके तिथे मध्येच अण्णा. मी एकदोनदा बरोबर गेले होते.

"कशाला जायलास रे पुण्याला?"

"काम आहे काका."

"तेच काम हितं बसून केलं तर?"

मुलगा पत्रक उलटसुलट करून बघायचा. "एसी आहे का?"

"पत्रा हाय. पत्र्याखाली माझं आयुष्य गेलं, तुझी एक दुपार जाईल की."

एका आईने त्यांना चांगलंच झापलं. "ओ मामा, कसंबसं तयार झालंय ते जायला. गाडीत बसू द्या की त्याला!" अण्णांना शब्द ऐकू आले नसावेत, पण चेहरा कळला. ते बाजूला झाले. गाडी सुटेपर्यंत त्या मुलाच्या खिडकीकडे बघत राहिले, जणू त्यांचाच कुणी होता.

ओंकारचं आणि त्यांचं पहिले दोन महिने जमत नव्हतं. ओंकारची काम करायची पद्धत अशी, की तो तासभर छताकडे बघतो आणि दहा मिनिटं टाइप करतो. अण्णांच्या लेखी थांबलेला माग म्हणजे बिघडलेला माग. ते दर पाच मिनिटांनी त्याच्या टेबलाशी यायचे. बोटं. "दोरा तुटला काय?" एकदा ओंकार चिडला.

"अण्णा, मी विचार करतोय! विचार करायला पण खडखड आवाज करू का?"

अण्णा घाबरले. खरंच घाबरले. "मला कसं कळणार रे? हाताला काय लागत न्हाय."

ओंकारने रागारागात पाण्याचा स्टीलचा ग्लास उचलला आणि टेबलावर पालथा घातला. "हा असा दिसला की समजा, डोकं चालू आहे. विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती रीतच पडली. विचार करत असाल तर ग्लास पालथा. अण्णा यायचे, बोटं टेकवायचे, ग्लास बघायचे आणि चवड्यांवर पुढे जायचे. कान नसलेला माणूस इतरांच्या शांततेसाठी चवड्यांवर चालायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

वैशालीताई आल्या त्या माझं पत्रक हातात घेऊनच. घडी घालून घालून चार तुकडे व्हायच्या बेताला आलेलं. एका खासगी शाळेच्या ऑफिसात त्या अकरा वर्षं लेखनिक होत्या. हजेरीपट, दाखले, निकाल, सगळं त्यांच्या हातून जायचं. मराठी टायपिंगचा वेग असा, की आम्ही बघत राहायचो. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना ध्वनिमुद्रित भाषणं आणि मुलाखती ऐकून टाइप करायचं काम देऊ केलं होतं. त्या भरवशावर त्यांनी राजीनामा दिला होता.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही मान ताठ केली.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, तुमचा वेळ कुणाचा आहे म्हणून."

अण्णा त्या दिवशी सगळ्यांना सांगत फिरले. पत्रकाने आलेलं पहिलं माणूस! पण त्याच संध्याकाळी कुलूप लावताना त्यांनी मला विचारलं, "नोकरी पक्की होती का गं तिची?"

"पक्कीच असणार. अकरा वर्षं म्हणजे."

त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, चार पावलं गेले आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढलं.

तेव्हापासून त्यांच्या फेऱ्या वाढल्या. सगळ्यांच्या टेबलाशी क्षणभर थांबायचे, वैशालीताईंच्या टेबलाशी जास्त. त्यांना विचारायचे नाहीत काही. बोटं टेकवायची, मान थोडी तिरकी, डोळे बारीक. वैशालीताई टाइप करत असायच्या. साडेनऊला यायच्या, डबा कोपऱ्यात ठेवायच्या, हेडफोन लावायच्या आणि सहापर्यंत चालू. आम्ही त्यांना नमुना म्हणून दाखवायचो. मी तर ओंकारला टोमणा मारला होता, "बघ, याला काम म्हणतात."

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी अण्णांनी मला पाण्याच्या पिंपाशी बोलावलं. चेहरा उतरलेला.

"त्या वैशालीची कांडी रिकामी हाय."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडीवरचं सूत संपलं आणि माग थांबवणारा काटा मोडका असला, तर माग चालूच राहतो. धोटा पळत राहतो, उलट जास्त हलका, जास्त सारखा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय झकास चाललाय. कापड मात्र तसूभर पुढे सरकत नाही.

"अण्णा, काहीतरीच काय. दिवसभर टाइप करत असतात त्या."

"तेच म्हणायलोय की! दिवसभर कोण थांबत न्हाय सांग? तू थांबतीस. ओंकार तर थांबलेलाच असतो. ऐकून लिहिणाऱ्याला मागं जाऊन परत ऐकायला लागतं, चुकलेलं खोडायला लागतं. महिना होत आला, हिचा हात अडकत न्हाय. आणि ग्लास? एकदा तरी पालथा बघितलीस काय तिच्या टेबलावर?"

मी बघितला नव्हता. मला मनातून वाटलं, म्हाताऱ्याला धास्तीची सवयच आहे. पण त्या दिवशी मी काम करू शकले नाही. पाठीमागून तो टकटक आवाज येत राहिला. अगदी सारखा.

दुसऱ्या दिवशी अण्णा खुर्ची ओढून वैशालीताईंच्या शेजारी बसले. वैशालीताईंनी हेडफोन काढला.

"ग्लास पालथा घालत न्हाईस तू कधी," अण्णा म्हणाले.

"गरजच पडत नाही अण्णा."

"व्हय. पडत न्हाय."

वैशालीताईंनी परत टायपिंग सुरू केलं. अण्णांची बोटं टेबलावर तशीच. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग टायपिंग थांबलं. वैशालीताईंनी हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मी उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले होते. पडद्यावर नावं होती. 'आठवी ब. अजित. अनुष्का. अर्चना. असिफ.' एकाखाली एक, क्रमांकासहित. शाळेतला हजेरीपट, आठवणीतून. आठवी ब संपली की नववी अ.

कंपनीने चार आठवड्यांपूर्वी संदेश पाठवला होता. भाषणं ऐकून टाइप करायचं काम आता यंत्रच करतं, आपल्या सहकार्याबद्दल आभार. एवढंच. भांडायला माणूस नाही, गेट नाही. फोन लावला तर तोही यंत्रच उचलायचं.

"घरी सांगितलीस काय?" अण्णांनी विचारलं.

"नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. अण्णा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "सासरे तेव्हाच म्हणाले होते, पगाराची नोकरी सोडतेस, बघ बाई. आता कुठल्या तोंडाने सांगू? घरी बसले तर कळेल. म्हणून येते. नुसती बसले तर तुम्हाला कळेल, म्हणून..."

अण्णा उठले. खिशातून माझं पत्रक काढलं. त्यांच्या खिशात ते नेहमी असायचं. म्हणाले, "चल शाळेत."

"अण्णा, नको."

"मी बोलतो की. चूक तुझी न्हाय. ह्या कागदाची हाय."

वैशालीताई तेव्हा जे बोलल्या ते मला अजून पाठ आहे. "कागद वाचून मी सोडली नाही हो. मलाच सोडायची होती. मी काय लहान आहे का?"

तरी अण्णा एकटेच गेले. दोन तासांनी आले. मुख्याध्यापिका बाईंनी नीट बसवून चहा दिला होता, आणि जागा भरली गेल्याचं सांगितलं होतं. कोण आलंय त्या जागेवर, हे विचारायचं मात्र अण्णांना धाडस झालं नाही. "तीही कुणाची तरी बिड्डाच असेल," म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. मी आधीच तयारीत होते. म्हटलं, दोष त्या कंपनीचा आहे. दोष या सगळ्या व्यवस्थेचा आहे. माणसाला सुट्या भागासारखं वापरायचं आणि नवा भाग आला की फेकायचं. मी बरंच बोलले. त्यातलं सगळं खरं होतं, आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. अण्णा माझ्या ओठांकडे बघत शेवटपर्यंत ऐकत होते.

"तुझ्या बाबांनी लिहिलं तेव्हा आम्ही माग बंद केलो," ते म्हणाले. "तेव्हा ते गेटवर होते. आमच्या बाजूला उभे. सगळे दिवस. हिला उठा म्हणालीस तू. हिच्या बाजूला कोण उभं हाय?"

मी वही पुढे ओढली.

नवं पत्रक अण्णांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. पहिलीच ओळ: 'नोकरी सोडून येऊ नका.' मी पेन थांबवलं.

"अण्णा, ही जाहिरात आहे. असं लिहिलं तर कोण येईल?"

"यायचा तो येईल. लिही. आधी सुट्टीच्या दिवशी येऊन बसा. काम दोन ठिकाणांहून येतं का बघा, एकाच्या जीवावर उडी मारू नका. घरी सांगा. काम थांबलं तर आमाला सांगा, लपवू नका." मग वर बघितलं. "आणि खाली लिही, पंखे हायत."

ते पत्रक वैशालीताईंनीच टाइप केलं. टाइप करताना दोनदा खोडलं. अण्णांची बोटं टेबलावर होती. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली.

ओंकार म्हणाला, गिऱ्हाईकाला परत पाठवणारी जाहिरात त्याने पहिल्यांदाच बघितली. स्टँडवर लोक ते वाचायचे आणि गोंधळून अण्णांकडे बघायचे. फार कुणी आलं नाही. मागच्या ओळीतल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. अण्णांचा मुलगाही आला नाही. अजून 'बघू'च म्हणतो.

वैशालीताईंनी त्याच आठवड्यात घरी सांगितलं. काय झालं ते बोलल्या नाहीत. दोन दिवस डोळे सुजलेले होते आणि डबा मात्र रोजच्यापेक्षा मोठा होता. सासऱ्यांनी भरायला लावला म्हणे. अण्णा त्यांच्यासाठी काम शोधत पूर्व भाग पालथा घालत होते. वकील, डॉक्टर, लग्नपत्रिकावाले. ज्याच्या त्याच्या टेबलाला दोन बोटं लावायची आणि विचारायचं, मराठी टायपिंग हाय काय.

मार्च महिन्यात मला दुसऱ्या गावी एका प्रकाशकाकडे नोकरी लागली. पगाराची, रजेची. लवचीक नसलेली. ते अण्णांना सांगायला मला चार दिवस लागले. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पक्की हाय न्हवं?" मी हो म्हटल्यावर त्यांचे ताठलेले खांदे सैल पडले.

निघायच्या दिवशी मी माझा ग्लास घ्यायला शेडमध्ये गेले. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. अण्णा ओळीतून फिरत होते. ओंकार छताकडे बघत होता, ग्लास पालथा. अण्णा पुढे गेले. वैशालीताईंच्या टेबलाशी आले.

विणकरांच्या एका जुन्या सोसायटीच्या बैठकांच्या वह्या त्यांना टाइप करायला मिळाल्या होत्या. कुणाकुणाच्या हस्ताक्षरातल्या, मध्येच तेलुगू शब्द घुसलेल्या, पाणी लागून शाई फुटलेल्या. ते यंत्राला वाचता येत नव्हतं. निदान अजून तरी. दिवाळीपर्यंत पुरेल एवढं काम होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

वैशालीताईंचे हात थांबलेले होते. एका शब्दावर बोट ठेवून त्या वहीवर ओणवल्या होत्या. कोपऱ्यात डब्याशेजारी त्यांचा ग्लास होता. पहिल्यांदाच पालथा.

अण्णांची बोटं सवयीने टेबलाकडे गेली आणि मध्येच थांबली. त्यांनी ग्लास बघितला. मग वैशालीताईंकडे बघितलं, परत ग्लासाकडे. मला वाटलं, आता चवड्यांवर पुढे जातील. गेले नाहीत. मी दारातून हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तो त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

रिक्षात बसताना मी मागे वळून पाहिलं. अण्णा तिथेच उभे होते, दोन बोटं पुढे केलेली, टेबलापासून जराशी वर. टेकवत नव्हते, आणि मागेही घेत नव्हते.